थंडीसाठी तिकोनी स्कार्फ : सैल हात, भरीव वीण

निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या वर्तमानपत्रात झळकायला लागल्या, की लोकरीच्या दुकानात पाय ठेवायला जागा उरत नाही. तेव्हा हातात घेतलेलं विणकाम रेंगाळत रेंगाळत संक्रांतीपाशी पोचतं आणि थेट पुढच्या वर्षीच्या कपाटात जातं. रोज संध्याकाळी तासभर बसणाऱ्यांना क्रोशाचा एक स्कार्फ पुरा करायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून नवरात्रातच लोकर घरी आणावी. दिवाळीचा फराळ संपेपर्यंत काम हातावेगळं होतं आणि खरी थंडी पडते तेव्हा स्कार्फ गळ्यात असतो.

इथे दिलेला स्कार्फ तिकोनी आहे आणि त्याची वीण उठावाची आहे: दाणे, कडा, गोळे आणि गळ्याच्या बाजूने धावणारी एक दोरी. साखळी आणि खांब ज्यांना येतात, त्यांना यातलं काहीच अवघड नाही.

तिकोन का, आणि उठाव का

मफलर म्हणजे सरळ पट्टा. गुंडाळला की मानेवर दोन-तीन थर बसतात आणि छाती उघडीच राहते. तिकोनाचा सगळ्यात रुंद भाग बरोबर छातीवर येतो. टोकं निमुळती असल्याने मानेमागून फिरवून पुढे आणली तरी गाठ बोजड होत नाही. विणायलाही तो सोपा. सुरुवातीला दीडशे साखळ्या मोजत बसायचं नाही. तीन टाक्यांपासून निघायचं, दर ओळीला एक टाका वाढवायचा, मध्य आला की दर ओळीला एक टाका घटवायचा. शिवाय लोकर तोलून घेतली असेल, तर अर्धी संपत आली की उतरायला लागायचं. शेवटच्या वितीला लोकर कमी पडण्याची आपत्ती मग येत नाही.

आता उठावाबद्दल. लोकर ऊब देते ती तिच्या तंतूंत अडकून राहिलेल्या हवेमुळे. जाळीदार विणीतून ही हवा वाऱ्याबरोबर निघून जाते. सपाट आणि गच्च विणीत तिला जागाच नसते. उठावाची वीण मात्र कापडाला जाडी देते, आणि खोलगट जागांत हवा धरून ठेवते. तेव्हा दाणे आणि कडा दिसायला छान असतातच, पण थंडीत खरं काम तेच करतात. अट एकच: हात सैल हवा.

ही अट आपल्याकडे मुद्दाम सांगावी लागते. बहुतेक मराठी घरांत क्रोशा आला तो सुती दोऱ्याच्या कामातून. दारावरची तोरणं, ताटावरचे रुमाल, रुखवतात मांडायचे नमुने यांना बारीक पोलादी सुई लागते आणि टाका आवळून घ्यावा लागतो. तो हात तसाच लोकरीवर चालवला, की स्कार्फचा पुठ्ठा होतो. गळ्याभोवती वळत नाही, उठाव दबून जातो आणि लोकरही जास्त खातो.

लोकर निवडताना

दुकानात ‘लोकर’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा अॅक्रिलिक असतं. त्यात वाईट काही नाही. ते स्वस्त असतं, घरच्या मशीनमध्ये धुता येतं, त्याला कसर लागत नाही. पण खऱ्या लोकरीचे पैसे मोजून अॅक्रिलिक घरी आणू नये. शंका आली तर वीतभर धागा चिमट्यात धरून मोरीत किंवा सिंकवर जाळून बघा. खरी लोकर जळालेल्या केसांसारखा वास देते आणि तिची राख बोटांत चुरडते. अॅक्रिलिक वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. तो गार होईपर्यंत हात लावू नका.

गळ्याची कातडी नाजूक असते. साधारण ३० मायक्रॉनहून जाड तंतू तिथे टोचतात. धनगरांच्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीसाठी नामी, पण गळ्यासाठी ती भरडी पडते. मेरिनोसारखी बारीक तंतूची लोकर किंवा लोकर आणि अॅक्रिलिक यांचं मिश्रण गळ्याला मानवतं. दुकानात असतानाच गुंडा हनुवटीखाली पाच मिनिटं धरून ठेवा. हाताला मऊ लागणारी लोकर गळ्याला खाजते की नाही, हे तिथेच कळतं.

धागा मध्यम जाडीचा घ्या. परदेशातून कोणी लोकर आणणार असेल, तर लेबलवर जाडीचा आकडा ३ किंवा ४ असलेली आणायला सांगा. रंग फिका आणि एकच निवडा. गहिऱ्या रंगात उठावाची सावली हरवते आणि ठिपक्या-ठिपक्यांच्या बहुरंगी लोकरीत दाणा दिसतच नाही. मातकट, राखी, हळदी, फिकी अबोली असे रंग उठावाला न्याय देतात. सगळे गुंडे एकदमच घ्या आणि लेबलवरचा डाय लॉटचा नंबर एकच आहे ना, ते बघा. दोन लॉटमधला फरक दुकानाच्या दिव्यात दिसत नाही, घरी उन्हात लगेच दिसतो.

साहित्य

मध्यम जाडीची लोकर २०० ते २५० ग्रॅम, ५ मिमीची क्रोशाची सुई, बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची लोकरीची सुई, कात्री, एक सेफ्टी पिन, मोजपट्टी, आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा.

नमुना आणि हिशेब

आधी १५ सेंमी लांब-रुंद नमुना विणा. २१ टाके आणि सुमारे १५ ओळी, सगळे अर्धे खांब. मोजून बघा: १० सेंमीत १४ टाके आणि १० ओळी आल्या, तर पुढची मापं जुळतील. टाके जास्त बसले तर हात आवळलेला आहे. हात मुद्दाम ढिला करण्यापेक्षा सुई बदला: ५.५ मिमी, गरज पडली तर ६ मिमी. मुद्दाम ढिला केलेला हात दहाव्या ओळीपर्यंत टिकतो, मग मूळपदावर येतो. नमुना मुठीत चुरगाळून सोडा. सोडल्यावर हळूहळू मोकळा झाला आणि हातावर टाकल्यावर दोन्हीकडे लोंबला, तर वीण बरोबर आहे.

आता तो काट्यावर ठेवा. समजा, वजन १२ ग्रॅम भरलं. म्हणजे १० सेंमी चौरसाला सव्वापाच ग्रॅमच्या आसपास लोकर लागली. आपला स्कार्फ १२८ सेंमी लांब आणि मध्यावर ४७ सेंमी खोल आहे. त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढलं, तर सुमारे ३,००० चौरस सेंमी, म्हणजे असे ३० चौरस. त्याला १६० ग्रॅम लागतील. गोळे, कड आणि शेपट्या यांच्यासाठी चौथा हिस्सा वर धरा: २०० ग्रॅम. याच पद्धतीने कुठल्याही मापाच्या स्कार्फचा अंदाज निघतो.

लागणारे टाके

टाक्यांची नावं घरोघरी वेगळी असतात, म्हणून प्रत्येकाची कृती देते. इंग्रजी नमुने वाचणाऱ्यांनीही सावध राहावं: अमेरिकी नमुन्यात ‘सिंगल क्रोशे’ म्हणतात, त्यालाच ब्रिटिश नमुन्यात ‘डबल क्रोशे’ म्हणतात.

मुका खांब: सुई टाक्यात घाला, धागा ओढून घ्या. सुईवर २ वेढे. धागा घेऊन दोन्हींतून काढा.

अर्धा खांब: आधी सुईवर धागा घ्या, सुई टाक्यात घाला, धागा ओढा. सुईवर ३ वेढे. धागा घेऊन तिन्हींतून एकदम काढा.

खांब: वरीलप्रमाणेच ३ वेढे करा, मग धागा घेऊन दोनांतून काढा, पुन्हा धागा घेऊन उरलेल्या दोनांतून काढा.

दोहोंचा एक: धागा घेऊन सुई पहिल्या टाक्यात घाला, धागा ओढा, पुन्हा धागा घेऊन पुढच्या टाक्यात घाला, धागा ओढा. सुईवर ५ वेढे. धागा घेऊन सगळ्यांतून काढा. दोन टाक्यांवर एकच अर्धा खांब उभा राहतो.

उठावाचा खांब: हा खांबच, पण सुई टाक्याच्या डोक्यात न घालता खालच्या ओळीतल्या टाक्याच्या अंगाभोवती फिरवायची. सुलट बाजूला असताना सुई समोरून आत घाला, टाक्याच्या मागून नेऊन पुन्हा समोर काढा. उलट बाजूला असताना मागून आत घाला, टाक्याच्या पुढून नेऊन पुन्हा मागे काढा. असं केलं म्हणजे उठाव नेहमी सुलट बाजूलाच राहतो. ज्या टाक्याच्या अंगाला मिठी मारली, त्याचं डोकं मागे रिकामं राहतं. ते रिकामंच सोडायचं. त्यात पुन्हा विणलं तर टाका वाढतो.

गोळा: एकाच टाक्यात ५ अपुरे खांब. धागा घ्या, सुई घाला, धागा ओढा, दोन वेढ्यांतून काढा आणि तिथेच थांबा. हे त्याच टाक्यात पाच वेळा केलं, की सुईवर ६ वेढे असतील. धागा घेऊन सहाही वेढ्यांतून एकदम काढा. लगेच पुढचा मुका खांब जरा ओढून घ्या. गोळा उंच आणि त्याचे शेजारी बुटके, म्हणून त्याला सरळ उभं राहायला जागा नसते आणि तो पलीकडे फुगून येतो. तो पलीकडे फुगतो, म्हणूनच गोळे उलट ओळीत घालायचे; सुलट बाजूला ते आपोआप दिसतात. एखादा आत दबून बसला तर बोटाने बाहेर ढकला.

स्कार्फची रचना

स्कार्फ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आडवा विणला जातो. एक कड सरळ राहते, ती गळ्याची. दुसरी तिरकी: मध्यापर्यंत चढत जाते, मग उतरते. सगळी वाढ आणि घट तिरक्या कडेलाच. विषम ओळी सुलट. त्या गळ्याच्या कडेला सुरू होऊन तिरक्या कडेला संपतात. सम ओळी उलट. त्या तिरक्या कडेला सुरू होतात. तिरक्या कडेला सेफ्टी पिन लावून ठेवा आणि काम वाढेल तशी ती वर सरकवा. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला १ साखळी घालायची. ती टाक्यात मोजायची नाही.

चढताना एक सोपा ताळा आहे: टाके = ओळीचा आकडा + २. विसाव्या ओळीच्या शेवटी २२ टाके हवेत. नसले तर पुढे जाऊ नका. बहुधा तिरक्या कडेचा एक टाका सुटलेला असतो.

कृती : चढती बाजू

ओळ १: ३ साखळ्या घाला. सुईपासून तिसऱ्या साखळीत ३ अर्धे खांब. (३ टाके)

ओळ २: काम उलटा. १ साखळी. पहिल्या टाक्यात २ अर्धे खांब, पुढे प्रत्येकात १. (४ टाके)

ओळ ३: काम उलटा. १ साखळी. प्रत्येकात १ अर्धा खांब, शेवटच्यात २. (५ टाके)

ओळी ४ ते ८: दुसरी आणि तिसरी ओळ आलटून-पालटून. आठव्या ओळीच्या शेवटी १० टाके होतात.

नवव्या ओळीपासून गळ्याच्या कडेचे तीन टाके कायमचे ठरले: कडेचे दोन साधे अर्धे खांब आणि तिसरा उठावाचा खांब. सुलट ओळीत ते सुरुवातीला येतील, उलट ओळीत शेवटी. हा तिसरा टाका ओळीमागून ओळ एकावर एक बसत जातो आणि कडेने एक जाड दोरी धावत जाते. तिच्यामुळे गळ्याची कड ओढली जाऊन सैल पडत नाही. तिरक्या कडेच्या शेवटच्या टाक्यातही नेहमी २ अर्धे खांब येतात. या दोन्ही कडांच्या मधे पुढचे पट्टे घालायचे.

दाण्यांचा पट्टा (८ ओळी): पहिल्या ओळीत एक मुका खांब, एक खांब, असं आलटून-पालटून. दुसऱ्या ओळीपासून एकच नियम: मुक्या खांबावर खांब, खांबावर मुका खांब. बुटक्यावर उंच आणि उंचावर बुटका येत गेल्याने तांदळाच्या दाण्यांसारखा उठाव भरत जातो. प्रश्न येतो तो तिरक्या कडेला, कारण तिथे दर ओळीला एक नवा अर्धा खांब आत सरकतो. सुलट ओळीच्या शेवटी त्याच्यावर आताच घातलेल्या टाक्याच्या उलट जातीचा टाका घाला. उलट ओळीच्या सुरुवातीला त्याच्या पुढचा टाका बघा: तो मुका खांब असेल तर इथेही मुका खांब, तो खांब असेल तर इथेही खांब. पुढच्या टाक्यावर मग नियमाप्रमाणे उलट जात येते आणि आलटापालट आपोआप जुळते. दोन-तीन ओळी झाल्या की नजरच सांगते, मोजावं लागत नाही.

कडांचा पट्टा (४ ओळी): सगळे अर्धे खांब, पण फक्त पलीकडच्या दोऱ्यातून. टाक्याच्या डोक्यावर दोन दोरे दिसतात. सुई आपल्याकडचा दोरा सोडून पलीकडच्याखालून घाला. सुटलेला दोरा आडव्या कडेसारखा उभा राहतो. दोन्ही कडांचे टाके मात्र नेहमीसारखे दोन्ही दोऱ्यांतून.

गोळ्यांचा पट्टा (४ ओळी): पहिली ओळ साधे अर्धे खांब. दुसरी ओळ उलट बाजूची: तिरक्या कडेची वाढ केल्यावर ३ मुके खांब, १ गोळा, असं दोरीपर्यंत; शेवटी उरतील ते मुके खांब. दोरीला खेटून गोळा घालू नका, तिथे तो गळ्याला आणि हेल्मेटच्या पट्ट्याला लागतो. तिसरी आणि चौथी ओळ साधे अर्धे खांब. गोळ्याच्या डोक्यावर एकच टाका.

हे तीन पट्टे मिळून १६ ओळी झाल्या. दाणे, कडा, गोळे हा क्रम ९व्या ओळीपासून तीनदा करा. गोळ्यांच्या ओळी २२, ३८ आणि ५४ क्रमांकाच्या येतात आणि त्यांत अनुक्रमे ४, ८ आणि १२ गोळे बसतात. तेवढे बसले, तर आपला टाक्यांचा हिशेब चोख आहे असं समजा. त्यानंतर ५७ ते ६४ या ओळींत दाण्यांचा आणखी एक पट्टा. चौसष्टाव्या ओळीच्या शेवटी ६६ टाके. हा स्कार्फचा मध्य.

कृती : उतरती बाजू

इथून तिरक्या कडेला वाढीच्या जागी घट. सुलट ओळीच्या शेवटी शेवटच्या दोन टाक्यांवर ‘दोहोंचा एक’, उलट ओळीच्या सुरुवातीला पहिल्या दोन टाक्यांवर ‘दोहोंचा एक’. ताळा आता असा: टाके = १३० वजा ओळीचा आकडा. शंभराव्या ओळीच्या शेवटी ३० टाके हवेत.

पट्ट्यांचा क्रम उलटा करायचा, म्हणजे दोन्ही पंख जोडीचे दिसतात. ६५ ते ७२ दाणे. मग गोळे, कडा, दाणे हा क्रम तीनदा, १२०व्या ओळीपर्यंत. गोळ्यांच्या पट्ट्यात दुसरी ओळच गोळ्यांची ठेवा. ७४, ९० आणि १०६ या ओळींत आता १२, ८ आणि ४ गोळे बसतील आणि दोरीपाशी चार मुके खांब उरतील. १२०व्या ओळीशेवटी १० टाके राहतात. तिथे दोरी संपवा आणि १२१ ते १२७ साधे अर्धे खांब, घट चालूच. १२७व्या ओळीत ३ टाके उरतात. शेवटच्या ओळीत तिन्हींचा एक करा, धागा वीतभर ठेवून कापा आणि ओढून घ्या.

मोठा स्कार्फ हवा असेल तर मध्याच्या दोन्ही बाजूंना १६ ओळींचा एकेक जास्तीचा क्रम घाला. लांबी सुमारे १६० सेंमी, खोली ५८ सेंमी होईल, लोकर ३०० ते ३२५ ग्रॅम लागेल. उतरताना ताळा १६२ वजा ओळीचा आकडा. टोरांटोला किंवा लंडनला राहणाऱ्या लेकीसाठी करत असाल तर हेच माप बरं. कोटाची पुढची उघडी जागा पूर्ण भरते.

कड आणि शेपट्या

गळ्याच्या सरळ कडेने मुक्या खांबांची एक ओळ घाला. ओळींच्या कडेत टाके घ्यायचे असल्याने ‘एका ओळीला एक’ असं केलं तर कड आखडते आणि स्कार्फ धनुष्यासारखा वाकतो. तीन ओळींना चार मुके खांब हे प्रमाण ठेवा. विणून झाल्यावर जमिनीवर पसरून बघा. कड लहरत असेल तर टाके जास्त झाले, आत ओढत असेल तर कमी. तिरक्या कडांना काही करायची गरज नाही. वाढ-घटीच्या अर्ध्या खांबांनी त्या नीटच दिसतात.

नवा गुंडा नेहमी गळ्याच्या कडेला जोडा आणि गाठ मारू नका. गाठ आज ना उद्या पुढे येते किंवा सुटते. जुन्या टाक्याचा शेवटचा वेढा नव्या धाग्याने काढा आणि दोन्ही शेपट्या वीतभर ठेवा. नंतर लोकरीच्या सुईने त्या टाक्यांच्या पोटातून एका दिशेला ओवा, एक टाका सोडून उलट दिशेला ओवा, मग कापा.

आकार देणं आणि धुणं

विणून उतरवलेला स्कार्फ थोडा वेडावाकडा दिसतो, कारण दाण्यांचा पट्टा आणि कडांचा पट्टा सारख्या उंचीने वाढत नाहीत. लोकरीचा असेल तर कोमट पाण्यात रिठ्याचं पाणी किंवा सौम्य साबण घालून वीस मिनिटं बुडवून ठेवा. चोळू नका, पिळू नका. गरम पाणी आणि चोळणं एकत्र आलं की लोकर आटते आणि गच्च होते, मग ती पूर्ववत होत नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, चटईवर सावलीत पसरा, सरळ कड ताणून टाचण्या लावा. गोळे वर राहतील असं बघा आणि टाचण्या फक्त कडांना लावा. मधे ताण दिला तर उठाव बसतो.

अॅक्रिलिकला पाण्याने आकार येत नाही. त्याला इस्त्रीची वाफ पाच-सहा सेंमी अंतरावरून द्या आणि गार होईपर्यंत हलवू नका. इस्त्री टेकवली तर धागा वितळून चपटा पडतो आणि सगळे दाणे एका क्षणात जातात.

दोन्ही प्रकारचे स्कार्फ दोरीवर वाळत टाकू नयेत. ओल्या उठावाचं वजन मोठं असतं आणि स्कार्फ लांबत जातो. ठेवतानाही हँगरला न लटकवता घडी घाला. थंडी संपल्यावर धुऊन, पूर्ण वाळवून मगच ठेवा. कसर मळलेल्या लोकरीकडे आधी वळते.

घालताना

खोल टोक समोर छातीवर, दोन्ही पंख मानेमागून फिरवून पुढे, आणि टोकाच्या वर सैल गाठ: पहाटेच्या फिरण्याला ही पद्धत पुरते. कान झाकायचे असतील तर सरळ कड कपाळावर घेऊन पंख हनुवटीखाली बांधा. दुचाकी चालवणाऱ्यांनी आणि मागे बसणाऱ्यांनी पंख जॅकेटच्या आत खोचलेच पाहिजेत. चाकात ओढणी अडकून होणारे अपघात आपल्याला नवे नाहीत. याच कारणाने या स्कार्फला गोंडे आणि झालर सुचवलेली नाही. लहान मुलांसाठी करताना पंख आणखी आखूड ठेवा आणि टोकं बांधण्याऐवजी एका मोठ्या बटणाने अडकवा. दाण्यांच्या विणीतली फट बटणाला काज म्हणून पुरते.

पुढचा स्कार्फ

हा जमला की दुसऱ्यात पट्टे बदलून बघा. निवडताना एक गोष्ट तपासा: त्या विणीला एका-दोन टाक्यांचा नियम पुरतो, की आठ-दहा टाक्यांचा पूर्ण नमुना लागतो? ‘याच्यावर ते’ अशा नियमावर चालणारी वीण तिकोनात कुठेही थांबू शकते, म्हणून तिरक्या कडेला तिचा तुकडा पडत नाही. वेण्या, टोपलीची वीण, पानं यांचं तसं नसतं. दर ओळीला टाका वाढत गेल्याने त्यांचे अर्धवट तुकडे कडेला लोंबतात. त्या घालायच्याच असतील तर सरळ कडेच्या दोरीशेजारी, ठरावीक टाक्यांच्या पट्टीत घाला, आणि तिरक्या कडेकडचा उरलेला भाग दाण्यांवर सोडा.